‘शिवा’ (१९८९) हा तेलुगू चित्रपट इतका गाजला कशामुळे? आज पाहिला तर साधाच वाटतो

तुमचं म्हणणं असं की २०२५ च्या नोव्हेंबरात ४के करून पुन्हा लागलेला ‘शिवा’ तुम्ही पाहिला, कंटाळा आला नाही, पण ‘शिवाच्या आधीचा तेलुगू सिनेमा आणि शिवाच्या नंतरचा’ अशी वाटणी लोक का करतात ते काही उमजलं नाही. कॉलेज, तिथली दादागिरी, मागे एक पुढारी, समोर एकटा पोरगा. हे तर शंभरदा पाहिलंय.

ते शंभर सिनेमे याच्या नंतरचे आहेत, हे सोपं उत्तर झालं. खरंही आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. कारण ‘शिवा’तून बाकीच्यांनी जे उचललं ते एक, आणि ‘शिवा’त जे खरोखर चांगलं होतं ते दुसरंच. उचललं गेलं ते आज शिळं वाटतं. दुसरं अजूनही टवटवीत आहे, फक्त ते गाजावाजा करत नाही म्हणून नजरेतून सुटतं.

मी सोलापूरचा. आमच्याकडे पूर्व भागात अर्ध्या घरांतून तेलुगू बोलतात, तेलुगू सिनेमे लागतात आणि चालतात, त्यामुळे भाषा कानावर पडून पडून समजते. सिनेमाच्या धंद्याशी माझा संबंध नाही, तेव्हा हे प्रेक्षकाचं उत्तर समजा.

आधी माणूस बघा. रामगोपाल वर्मा तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि हा त्यांचा पहिलाच सिनेमा. विजयवाड्याच्या सिद्धार्थ इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिलची पदवी, मग हैदराबादेत कृष्णा ओबेरॉय हॉटेलचं बांधकाम चालू असताना तिथे साइट इंजिनिअर, आणि ते सोडून अमीरपेटेत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान. दिग्दर्शकाच्या हाताखाली दहा वर्षं घासून मग संधी, हा तेव्हाचा रिवाज. वर्मांनी एक-दोन सिनेमांना साहाय्यक म्हणून हजेरी लावली, तीही मुख्यतः स्टुडिओत पाय ठेवायला मिळावा म्हणून. वडील अन्नपूर्णा स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते, म्हणजे फाटकापर्यंतची ओळख होती. आतली ओळख त्यांनी स्वतः करून घेतली.

अन्नपूर्णा हा अक्किनेनी नागेश्वर राव यांनी हैदराबादेत उभारलेला स्टुडिओ. त्यांचा धाकटा मुलगा नागार्जुन १९८६ साली नायक म्हणून आला होता, पण ‘नागेश्वर रावांचा मुलगा’ ही पाटी गळ्यातून उतरली नव्हती. ती उतरवणारे दोन सिनेमे १९८९ या एकाच वर्षी आले. मे महिन्यात मणिरत्नमचा ‘गीतांजली’, ५ ऑक्टोबरला ‘शिवा’. दोन्हींचं संगीत इळैयाराजांचं. एकात मरणाच्या दारात उभा असलेला प्रेमी, दुसऱ्यात मुठीला सायकलची चेन गुंडाळलेला विद्यार्थी. ‘शिवा’चे निर्माते होते नागार्जुनचे थोरले भाऊ वेंकट आणि यार्लगड्डा सुरेंद्र. घरचा स्टुडिओ, घरचा नायक, घरचा पैसा, आणि सूत्रं मात्र अशा माणसाच्या हातात ज्याने तोवर एकही सिनेमा केलेला नाही. हा जुगार मला पडद्यावरच्या कुठल्याही मारामारीपेक्षा धाडसाचा वाटतो, आणि ‘शिवा’ची गोष्ट सांगताना लोक वर्मांचं जेवढं नाव घेतात तेवढं या कुटुंबाचं घेत नाहीत.

आता विषय. विजयवाड्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॉलेजच्या विद्यार्थी संघटना आणि गावातल्या टोळ्या यांच्यात फारसं अंतर उरलेलं नव्हतं. वंगवीटी आणि देविनेनी या दोन घराण्यांचं वैर कॉलेजच्या आवारात उतरलं होतं. वर्मा तिथे शिकत होते, ही पोरं त्यांनी जवळून पाहिली होती. डिसेंबर १९८८ मध्ये वंगवीटी रंगा या आमदाराची उपोषणाच्या मंडपातच हत्या झाली आणि किनारी आंध्रात दंगली पेटल्या. ‘शिवा’ लागला तो त्यानंतर दहा महिन्यांच्या आत. सिनेमात विजयवाड्याचं नाव नाही, कुणा नेत्याकडे बोट नाही, पण थिएटरात बसलेल्या माणसाला पडद्यावर काय चाललंय ते सांगावं लागलं नसणार. आपल्याकडेही कॉलेजच्या निवडणुका खुनाखुनीपर्यंत पोचल्या होत्याच, तेव्हा हे समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

कथेचा सांगाडा मात्र उसना आहे आणि वर्मांनी तो कधी लपवला नाही. ब्रूस लीच्या ‘द वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये रोममधल्या एका हॉटेलाला गुंड त्रास देतात आणि बाहेरून आलेला एकटा माणूस त्यांना पुरून उरतो. वर्मांनी हॉटेल काढलं आणि तिथे कॉलेज बसवलं. ऐकून सोपं वाटतं, पण या एका बदलाने गोष्टीला असं काहीतरी मिळालं जे मूळ सिनेमात नव्हतं. हॉटेलाला त्रास देणारे गुंड फक्त गुंड असतात. कॉलेजातला गुंड आज विद्यार्थी नेता असतो, उद्या भवानीचा, म्हणजे सिनेमातल्या शहरावर दहशत असलेल्या टोळीप्रमुखाचा माणूस, आणि परवा कदाचित आमदार. शिवा ज्याला पहिल्यांदा मारतो तो जेडी स्वतः विद्यार्थीच आहे, आणि त्याच्यावर हात टाकल्यावर मागची अख्खी साखळी एकेक कडी करत पुढे येते.

मराठी वाचकांसाठी एक जोड. १९८३ चा ‘अर्धसत्य’ आठवा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, गोविंद निहलानींनी सिनेमा केला, आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज न चढवता अंगावर आला. वर्मा या सिनेमाचे भक्त. पुढे १९९८ मध्ये ‘सत्या’ हे नाव ठेवताना जी दोन कारणं त्यांनी सांगितली त्यातलं एक ‘अर्धसत्य’ होतं. (दुसरं कॉलेजातलं एकतर्फी प्रेम. ते असो.) ‘शिवा’मधला भवानी मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला रामा शेट्टी दिसतो. तोच थंडपणा, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची तीच सवय.

भवानीचं काम रघुवरन यांनी केलंय. तोवरच्या तेलुगू खलनायकाला गडगडाटी हसणं, भडक कपडे, एखादा गुहेसारखा अड्डा आणि एक तकियाकलाम लागायचा. रघुवरन उंच, सडपातळ, जवळजवळ आजारी दिसणारे. अंगात साधा शर्ट. बसतात ते एका साध्या खोलीत. धमकी द्यायची तर भुवईसुद्धा हलत नाही. हा माणूस मारामारीत कुणापुढे टिकणार नाही हे आपल्याला दिसत असतं, तरी त्याच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचे खांदे पडतात. त्याची ताकद त्याच्या अंगात नाही, शहराने त्याला भ्यायचं ठरवलंय यात आहे. आणि शिवाने केलेला खरा गुन्हा हाच, की ते ठरलेलं त्याने मोडलं. मग एका शेंगदाणे विकणाऱ्यालाही उद्या वाटेल की मोडता येतं.

तनिकेल्ला भरणींनी संवाद लिहिले आणि भवानीच्या नानाजी या हस्तकाचं कामही केलं. नानाजीवर एक लक्ष ठेवा. दोन बलाढ्य माणसांमध्ये सापडलेला, हिशेब करून बाजू बदलू बघणारा हा माणूस पूर्ण सिनेमात सगळ्यात खरा आहे. कोटा श्रीनिवास राव यांचा माचिराजू हा पुढारीही ठसठशीत, पण तशी कामं त्यांनी पुढे इतकी केली की आज त्याचं नवल वाटत नाही.

आता तंत्र. इथे थोडा रेंगाळतो, कारण तुमच्या ‘साधाच वाटतो’चं कारण इथेच आहे.

कॅमेरा हलवायचा तर तेव्हा दोन मार्ग. रूळ टाकून ट्रॉलीवरून, नाहीतर हातात धरून. ट्रॉलीचा शॉट गुळगुळीत येतो, पण रूळ जिथे मांडता येतील तिथेच तो जाणार. जिने, बोळ, गर्दी, वळणं आली की संपलं. हातातला कॅमेरा कुठेही जातो, पण धावायला लागलं की चित्र हिंदकळतं. स्टेडिकॅम हा यावरचा तोडगा. चालवणारा माणूस अंगावर एक जाकीट चढवतो, त्याला स्प्रिंगचा हात, त्या हाताच्या टोकाला समतोल साधलेला कॅमेरा. माणूस धावतो, पायऱ्या उतरतो, वळतो, आणि त्याच्या पावलांचे धक्के स्प्रिंग गिळून टाकते. अमेरिकेत हे १९७६ पासून वापरात होतं. आपल्याकडच्या व्यावसायिक सिनेमात त्याचा इतका ठळक वापर करणाऱ्या पहिल्या काही सिनेमांत ‘शिवा’ येतो.

पण नवं यंत्र आणलं यात मोठेपणा नाही. ते कशासाठी वापरलं ते बघा. शिवा पुतणीला सायकलवर घेऊन निघालाय आणि मागे गुंडांची गाडी लागते. नायक एकटा असता तर ही नेहमीची हाणामारी झाली असती. इथे तो थांबून लढू शकत नाही, कारण पुढच्या दांडीवर पोर आहे. त्याला फक्त पळायचंय. कॅमेरा त्याच्याबरोबर पळतो, आणि कापाकापी कमी असल्याने आपल्याला गल्लीची लांबी कळते, गाडी किती मागे आहे ते कळतं, वळण आलं की पोटात गोळा येतो. आज असा शॉट ड्रोन आणि गिम्बलवर (कॅमेरा स्थिर ठेवणारं हातातलं यंत्र) कुणीही घेतो. मात्र गल्लीचा भूगोल प्रेक्षकाला समजावून मग त्याला घाबरवायचं, हे आजही फार थोड्यांना जमतं. पुढच्या वेळी एखादा नवा ॲक्शन सिनेमा पाहाल तेव्हा तपासून बघा, मारामारी चालू असताना दार कुठल्या बाजूला आहे हे तुम्हाला सांगता येतं का.

एस. गोपाल रेड्डींचं छायाचित्रण याच जातीचं. रात्र आहे तर रात्र दिसते, खोलीत एक दिवा आहे तर तेवढाच उजेड. आणि आवाज. तोवर आपल्या सिनेमात ठोसा बसला की एकच ठरलेला ‘ढिशुम’ वाजायचा, मग तो गालावर बसो की पोटावर. ‘शिवा’त तो नाही. पावलांचे, धातूचे, कपड्याचे आवाज आहेत, आणि मारामारीच्या आधी बऱ्याचदा काहीच नाही. इळैयाराजांसारखा संगीतकार हाताशी असताना काही जागा गप्प ठेवणं याला छाती लागते. दिग्दर्शकालाही आणि संगीतकारालाही.

आता तो चेनचा प्रसंग, ज्याची पोस्टरं झाली. जेडी आणि त्याची पोरं शिवाला घेरतात. शिवा शेजारच्या सायकलकडे वळतो, हिसका देऊन चेन उपसतो आणि मुठीला गुंडाळतो. (ज्याने आयुष्यात कधी सायकलची चेन बसवली आहे त्याला माहीत आहे की ती अशी उपसून येत नाही. पण थिएटरात हा हिशेब कुणी केला नाही.) तुम्ही परत पाहाल तेव्हा चेनकडे नको, त्याच्या आधीच्या मिनिटाकडे बघा. शिवा तोवर कसा उभा आहे, किती कमी बोललाय, भोवतीची मुलं कशी मागे सरकतात. चेन निघते तेव्हा आपण आतून ओरडतो ते चेनमुळे नाही, आपल्याला तोवर ताटकळत ठेवलंय म्हणून. शिवाय हत्यार कुठून आलं? सायकलस्टँडवरून. तलवार नाही, पिस्तूल नाही. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक झाडाखाली ते उभं होतं. प्रेक्षकातल्या प्रत्येक पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दिसलं असणार.

आणि तिथेच घोटाळाही झाला. सिनेमा तुफान चालला. तमिळमध्ये ‘उदयम’ या नावाने डब होऊन तिथेही चालला, वर्मांना दिग्दर्शनाचा नंदी पुरस्कार (आंध्र सरकारचा) मिळाला, आणि मागोमाग चेनवाल्या सिनेमांची रांग लागली. रागीट विद्यार्थी, कॉलेजचं फाटक, पांढऱ्या कपड्यातला पुढारी, मुठीला काहीतरी गुंडाळलेलं. चेन सगळ्यांनी घेतली, ताटकळणं कुणी घेतलं नाही. कॉलेजांतून पोरांनी खरोखरच्या चेन बाळगल्याच्या गोष्टीही आंध्रात सांगितल्या जातात, आणि हिंसेला देखणेपण दिलं हा आरोप सिनेमावर झाला. हा आरोप मला अर्धा पटतो. सिनेमा शिवाकडून किंमत वसूल करतो. मित्र जातो, शेवटी पुतणीही जाते. जिंकल्याचा आनंद शेवटी कुणाच्याच तोंडावर नाही. पण खरं सांगायचं तर थिएटरातून बाहेर पडताना पोरांच्या डोक्यात पुतणी राहत नाही, चेन राहते. दिग्दर्शकाला हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

दोष आहेतच. अमलाचं पात्र, आशा, पहिल्या अर्ध्या भागात गोड आहे आणि उरलेल्यात नवऱ्याची वाट बघण्यापुरतं. पुतणीचा मृत्यू नायकाला पेटवण्यासाठी वापरलाय, आणि हे पुढे इतकं चावून चोथा झालं की आज डोळ्यांत खुपतं. गाणी सुंदर आहेत. कॉलेजच्या तासांची टर उडवणारं ‘बॉटनी’चं, सीतारामशास्त्रींनी लिहिलेलं गाणं तर तेलुगू पोरं अजून म्हणतात. पण सिनेमाचा श्वास एका लयीत चाललेला असताना ती मधे येतात. वर्मांचं मन गाण्यांत नाही हे दिसतं. चित्रणात एरवी जी भूक आहे ती तिथे मावळते.

‘साधाच वाटतो’ याचं आणखी एक कारण म्हणजे या सिनेमाच्या आजूबाजूची माणसं पुढे पसरली. वर्मांच्या हाताखाली किंवा त्या युनिटमध्ये असलेले शिवनागेश्वर राव, कृष्णवंशी, तेजा हे सगळे पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. म्हणजे ‘शिवा’ची बोली नव्वदच्या दशकात तेलुगू सिनेमाची रोजची बोली झाली. जेडीचं काम करणारा नवा पोरगा चक्रवर्ती त्या पात्राचं नाव आपल्या नावाला चिकटवून बसला आणि जे. डी. चक्रवर्ती म्हणूनच ओळखला गेला. आपण त्याला ओळखतो ते ‘सत्या’चा सत्या म्हणून. मुंबईत आल्या दिवशी काही न बोलणारा, कुठून आला ते न सांगणारा. भिकू म्हात्रेच्या आरडाओरड्यात लक्ष त्याच्याकडे कमी जातं, पण तो सिनेमा त्याच्या गप्प राहण्यावर उभा आहे, आणि ते गप्प राहणं हैदराबादेतून आलेलं आहे.

हिंदीतला ‘शिवा’ डिसेंबर १९९० मध्ये आला. डब केलेला नाही, पुन्हा चित्रित केलेला. नागार्जुन, अमला, रघुवरन, चक्रवर्ती तेच, पुढाऱ्याच्या जागी परेश रावल. महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिला तो हा. वाईट नाही, पण भाषा बदलली की गाव हरवतं. मूळ सिनेमातली पोरं एकमेकांशी बोलतात ती खास तिथल्या कॉलेजच्या कट्ट्यावरची तेलुगू आहे. हिंदीत ती कुठल्याही शहरातली होतात. २००६ मध्ये वर्मांनी ‘शिवा’ याच नावाने आणखी एक हिंदी सिनेमा केला. त्यात नायक पोलीस आहे आणि या गोष्टीशी त्याचा संबंध नाही. यूट्यूबवर शोधताना तोच आधी समोर येतो आणि लोक तो पाहून ‘हाच का तो?’ म्हणून विचारतात.

तुम्ही पाहिलेल्या ४के प्रतीबद्दल थोडं. अन्नपूर्णाच्या पन्नाशीनिमित्त ती काढली आणि आवाज डॉल्बी ॲटमॉसमध्ये नव्याने बसवला. चित्र फार सुरेख साफ झालंय, रात्रीचे प्रसंग तर पहिल्यांदा नीट दिसले. आवाजाबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. मूळच्या ज्या रिकाम्या जागा मी वर सांगितल्या, त्यांतल्या काही आता भरल्यासारख्या वाटतात. धमक वाढली, पण भवानीच्या खोलीतली ती अवघड शांतता थोडी कमी झाली. जुनी प्रत मिळाली तर चेनच्या प्रसंगाआधीची दोन-तीन मिनिटं हेडफोन लावून ऐका, चित्र धूसर असलं तरी चालेल.

आणि वर्मांचं पुढचं काय बघू, असं विचाराल म्हणून सांगून ठेवतो: थेट ‘सत्या’वर उडी मारू नका. मधे १९९१ चा ‘क्षणक्षणम्’ आहे, श्रीदेवी आणि वेंकटेश, चोरीच्या पैशामागची पळापळ, आणि गंमत म्हणजे भरपूर हसवणारा. मग १९९३ चा ‘गायम्’, जगपती बाबूचा. विजयवाड्याच्या टोळ्या तिथे पुन्हा येतात, या वेळी कॉलेजच्या फाटकाबाहेर.